साडेचौसष्ट किलो

आमच्या आणि काकूंच्या सांदवाडीमध्ये एक कुपाटी आहे. मूळची बोराटीच्या काट्यांची. मागच्या पावसाळ्यात ती एका बाजूनं बसली, तेव्हा काकूंच्या लेकानं तिच्यात एक मोडकी लोखंडी खाट उभी खोचून दिली. आता ती बकरीला पुरून उरते, बातमीला मात्र नाही. मुकुटबनात पेपर सकाळी येतो, पण आमच्या ओळीत त्याच्याही आधी काकू येतात.

परवा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोल्याची आमटी करायची होती. खाटेच्या पट्ट्यांतून काकूंचं कपाळ दिसलं, मग डोळे.

"बाई, आलं असंल तुमच्या कानावर."

"काय वो?"

"आमच्या पोट्टीचं. काट्याचं."

आलं होतं. कोणाच्या कानावर आलं नव्हतं? आदल्या दिवशी दुकानासमोर नवी तूर मोजणं चाललं होतं. काकूंची नात, आठवीतली, साखर आणायला गेली. दुकानदाराचा पोरगा गमतीनं म्हणाला, चढ. ती चप्पल काढून चढली. लाल आकडे थोडे नाचले आणि 64.5 वर थांबले. ओट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "पोतं उतरवा गा आता." सगळे हसले. पोट्टी उतरली, साखरेची पुडी उचलली, आणि त्या माणसाला म्हणाली, "काका, तुमचं किती हाये? चढा ना." काका काही चढले नाहीत.

"अठ्ठावन भरलं," काकू म्हणाल्या.

मी "हो का" म्हटलं. आमच्याकडे बाईचं वय, पोरीचं वजन आणि सासूचं दुखणं नेहमी कमी करून सांगतात. वाढवून सांगायला कापसाचा उतारा आहेच.

"आता त्याहून मोठी गोठ आयका. शाळेतल्या खेळाच्या सरांनी कागद देल्ला. यवतमाळले दहा दिवस शिबिर हाये म्हणते. कायचं, इचारा."

"कायचं?"

"बॉक्सिंगचं!" काकूंनी तो शब्द असा टाकला की माझ्या हातातली शेंग खाली पडली. "पोट्टीच्या जातीनं ठोसे मारायचे अन् खायचे. नाक फुटलं, दात पडले, मंग? आधीच जाडी जाडी म्हणून लोकं नावं ठेवून राह्यले. त्यात चपटं नाक. करते कोण?"

आता माझी सवय अशी की कोणी काळजी सांगितली की मला पेपरात वाचलेलं आठवतं. सत्तावीस वर्षं शिकवलं, त्याचा हा रोग. मी म्हटलं, "काकू, नागपूरच्या अल्फिया पठाणचं नाव आयकलं का?"

"कोण थे?"

"पोलिसातल्या माणसाची लेक. मानकापूरच्या स्टेडियमवर गणेश पुरोहित सरांकडे बॉक्सिंग शिकली. 2021 च्या एप्रिलमध्ये पोलंडला किएल्त्से म्हणून गाव आहे, तिथं तरुणांची जागतिक स्पर्धा झाली. तिनं सोनं आणलं."

"2021 म्हंजे कोरोनात?"

"दुसऱ्या लाटेत. आपण घराबाहेर पाय काढत नव्हतो तेव्हा."

काकू गप्प झाल्या. त्या एप्रिलमध्ये आमच्या ओळीतून दोन माणसं गेली. लोक पेपरात आधी मागची, निधनाची पानं बघायचे, मग पुढची. त्याच दिवसांत आतल्या एका पानावर हातात मोजे चढवलेल्या पोरींचा फोटो होता. भारताच्या सात पोरी अंतिम फेरीत गेल्या होत्या आणि सातही जिंकल्या. मणिपूरच्या, हरियाणाच्या, राजस्थानच्या आणि एक आपल्या विदर्भाची. अल्फियानं मोल्दोव्हा देशाच्या दारिया कोझोरेझला पाच-शून्यनं हरवलं.

"पाच गोल केले?"

"गोल नाही वो. रिंगणाभोवती पाच पंच बसतात. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. कोण चांगलं खेळलं ते पाचही जण आपापलं वेगळं लिहितात. पाच-शून्य म्हणजे पाचही पंच म्हणाले, हीच जिंकली."

काकूंनी हनुवटीवर बोट ठेवलं. "पाच पंच अन् एकाचंबी तोंड वाकडं नाई? आपल्या गावात असे पाच दाखवा मले."

हे त्यांचं बरोबर होतं.

मग मी पुढचं सांगितलं. त्याच्या आधी 2019 मध्ये तिनं आशियाई ज्युनियरचं सोनं आणलं होतं. 2022 च्या जुलैत कझाकस्तानच्या एलोर्दा चषकात तिची गाठ लझ्झात कुंगेइबायेवाशी पडली. ही कझाक बाई 2016 ची जगज्जेती, तीही आपल्या घरच्या मैदानावर. नागपूरची पोर त्यांच्या राजधानीत गेली आणि तिला पुन्हा पाच-शून्यनं हरवून आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्डनमध्ये, अम्मानला, मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेचंही सोनं मिळालं. त्या अंतिम लढतीत पहिल्याच फेरीत पंचांनी समोरच्या जॉर्डनच्या खेळाडूला बाद ठरवलं.

"म्हंजे मारामारी झालीच नाई," काकू जराशा हिरमुसल्या. नाक फुटायची काळजी करणाऱ्या बाईला लढत अर्धवट राहिल्याचं वाईट वाटलं, याची मी मनात नोंद केली.

एवढ्यात पलीकडच्या घरातली आदिलाबादची वहिनी हिरव्या मिरच्या मागायला आली. आमच्या मुकुटबनात हे नेहमीचं. अर्ध्या घरांत सून पैनगंगेपलीकडची असते, आणि स्वयंपाकघरात मराठी-तेलुगू एकाच पातेल्यात शिजते. ती कुपाटीशी उभी राहिली, विषय कळला, आणि मिरच्या विसरली.

"अक्का, आमची निखत नाही का! निजामाबादची!"

निखत झरीन. मला कशी आठवली नाही? 2022 च्या मे महिन्यात इस्तंबूलला 52 किलोत जगज्जेती, 2023 च्या मार्चमध्ये दिल्लीत 50 किलोत पुन्हा जगज्जेती. आता तेलंगणाच्या पोलिसात डीएसपी.

"तिचंपण असंच झालं," वहिनी म्हणाली. "सुरुवातीला डोळा सुजवून घरी आली. आई रडली, कोण लग्न करणार म्हणून. निखतनं सांगितलं, नाव होऊ दे, नवरदेवांची लाइन लागेल. पेपरला आलं होतं."

"लागली का लाइन?" काकूंनी विचारलं.

"ते माहीत नाही. पण डीएसपीच्या पुढं लाइनीतच उभं राहावं लागतं."

काकू हसल्या. पण मला वहिनीच्या बोलण्यातून वेगळंच काही दिसलं. पांढरकवड्याला गेलं की आपल्याला 44 नंबरचा हायवे लागतो. उजवीकडे वर गेलं की हिंगणघाट, मग नागपूर. डावीकडे खाली उतरलं की आदिलाबाद, निर्मल, आरमूर, आणि तिथून निजामाबाद हाकेवर. म्हणजे एकाच डांबराच्या दोन टोकांना दोन जगज्जेत्या, आणि आपण मधे. आपल्याकडे त्या रस्त्याला फक्त ट्रक मोजतात.

वहिनीकडे निखतचा आणखी एक किस्सा होता, आणि असा किस्सा कुपाटीवर सांगितल्याशिवाय कोणी राहत नाही. 2019 साली निखतनं हट्ट धरला की ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी मेरी कोमला सरळ पाठवू नका, आमची दोघींची चाचणी घ्या. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत चाचणी झाली. मेरी कोम जिंकली. निखत हात मिळवायला गेली, तर मेरीनं हात दिला नाही.

"अवं माय!" काकू आता खाटेच्या पट्टीला टेकल्या. "मोठीनं असं करावं?"

"रागात होती ती. लहान पोरीनं सरकारला पत्र लिहिलं, गाजावाजा केला, म्हणून."

"तरी. हात द्याले काय जाते?" आमच्या ओळीत दोन जावांचं अकरा वर्षं बोलणं नाही आणि कारण दोघींनाही आठवत नाही, हे त्या क्षणी काकूंच्या लक्षात नव्हतं. अडीच वर्षांनी निखतच्या गळ्यात सोनं आलं, तेव्हा त्यांचा जीव थंड झाला.

आमचे हे इतका वेळ बाजेवर कडुलिंबाची काडी चावत पडले होते. कोळसा खाणीत नोकरी झाली, वणीकडच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा एकाच्या घरी डिश होती. तिथं यांनी नव्वदच्या दशकात जे पाहिलं ते अजून संपलेलं नाही.

"बॉक्सिंग म्हणान तर मेक्सिकोचं," त्यांनी काडी बाजूला थुंकली. "चावेस. हुलिओ सेसार चावेस. बाप रेल्वेत. घर नव्हतं, टाकून दिलेल्या रेल्वेच्या डब्यात राहत होते सगळे. आईले घर बांधून देतो म्हणून पोट्टा रिंगणात उतरला. 90 लढती झाल्या तरी कोणी हरवू शकलं नाई त्याले. त्यात एक बरोबरीत, बाकी सगळ्या जिंकल्या."

"आमच्या लेकाले दोन खोल्या वाढवता येईना," काकू म्हणाल्या.

यांना आता थांबवणं शक्य नव्हतं. 1993 मध्ये मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियमवर चावेसची एक लढत पाहायला 1 लाख 32 हजारांवर माणूस आला. आपला अख्खा झरी जामणी तालुका नेऊन बसवला असता तरी खुर्च्या उरल्या असत्या. समोर अमेरिकेचा ग्रेग हॉगन. तो आधी बोलून गेला होता, की चावेसनं हरवलेली माणसं म्हणजे तिहुआनाचे टॅक्सीवाले. पाचव्या फेरीत चावेसनं त्याचा निकाल लावला. नंतर हॉगन म्हणाला, टॅक्सीवाले दणकट असले पाहिजेत.

"अन् टेलरची सांगा," मी म्हटलं. सांगायला नको होतं, पण तोंडून गेलं.

1990 चा मार्च, लास वेगास. मेल्ड्रिक टेलर, अमेरिकेचा, बिजलीसारखा हात. बारा फेऱ्यांची लढत. अकरा फेऱ्या टेलर पुढे होता, गुणांवर तोच जिंकत होता. पण चावेसचा एकेक ठोसा आत जात होता. टेलरचा चेहरा सुजला होता, तोंडातलं रक्त तो गिळत होता. बाराव्या फेरीत चावेसनं त्याला पाडलं. तो उठला. पंचानं विचारलं, ठीक आहेस का? टेलर भलतीकडेच बघत राहिला. पंचानं हात हलवून लढत थांबवली. घड्याळात तेव्हा दोन सेकंद उरले होते.

"दोन?" काकू ओरडल्या. "दोन सेकंद थांबता नाई आलं त्याले?"

"त्यावर अजून भांडतात लोक," हे म्हणाले. "पण पंच बरोबर होता. टेलर त्यानंतर पहिल्यासारखा कधी झालाच नाई. अन् चावेसचंबी काय, पुढं दारू, कोकेन. मोठ्या मुश्किलीनं बाहेर निघाला."

सांदवाडीत एकदम शांतता झाली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी काडी पुन्हा तोंडात घातली.

"पाहा," काकू हळूच म्हणाल्या. "म्हंजे असंच असते ना हे."

आता खोटं काय बोलणार? डोक्याला लागतं. मी एवढंच सांगितलं की ते पैशाचं बॉक्सिंग, बारा फेऱ्यांचं. आपल्या पोरींचं तीन फेऱ्यांचं, डोक्याला जाड गादीचं शिरस्त्राण, आणि जरा कोणी डळमळलं की पंच मोजायला लागतो. तरी लागायचं ते लागतंच. काकूंनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

मग मीही मेक्सिकोचीच एक सांगितली, यांना ठाऊक नसलेली. 1994 च्या मे महिन्यात, लास वेगासलाच, ज्या रात्री यांच्या चावेसनं फ्रँकी रँडलकडे गेलेला आपला किताब परत घेतला, त्याच रात्री त्याच रिंगणात आधी एक मेक्सिकन बाई लढून गेली. लॉरा सेरानो. कायद्याची विद्यार्थिनी. समोर अमेरिकेची नावाजलेली क्रिस्टी मार्टिन. लढत बरोबरीत सुटली. पुढच्या वर्षी लॉरा जगज्जेती झाली. पण स्वतःच्या मेक्सिको सिटीत तिला व्यावसायिक लढत खेळता येत नव्हती. बायकांच्या बॉक्सिंगवर तिथं 1940 च्या दशकापासून बंदी. जिथं चावेससाठी लाखावर माणूस जमतो, तिथं हिला रिंगणाची परवानगी नाही. मग ती कोर्टात गेली, आणि नव्वदचं दशक संपता संपता ती बंदी उठली.

"वकीलच होती तर," वहिनी म्हणाली.

"वकील पोट्टी बरी," काकू म्हणाल्या. "नाक शाबूत राह्यते."

मिरच्या घेऊन वहिनी गेली. हे आंघोळीला उठले. मला वाटलं विषय संपला. पण काकू तिथंच. पट्टीवरचा गंज नखानं खरवडत होत्या.

"बाई, थे नागपूरची. थे किती किलोत खेळे?"

"81 च्या वरच्या गटात."

"वर म्हंजे किती वर?"

"कितीही."

नख थांबलं.

"कितीही म्हंजे?"

"म्हणजे खालची हद्द आहे, वरची नाही. बाकीच्या गटांत पोरींना वजन कमी करावं लागतं. रात्रभर पळतात, पाणी पीत नाहीत, केस कापतात. ती विनेश आठवते ना, कुस्तीची? पॅरिसला? फायनलला पोचली होती, 50 किलोत 100 ग्रॅम जास्त भरली आणि बाहेर काढलं."

"शंभर ग्रॅम म्हंजे दोन लिंबं."

"हो. तर या सगळ्यात वरच्या गटात ती भीतीच नाही. काट्यावर चढायचं, आकडा सांगायचा, उतरायचं. कोणी म्हणत नाही जास्त झालं."

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नातीला सहावीपासून मी पाहते आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचात मागच्या रांगेत. लग्नात फोटो काढताना कोणी तरी म्हणतं, तू जरा बाजूनं हो. पंगतीत दुसरी पोळी घेतली की तीन बायका वळून बघतात. ती बिचारी हळूहळू चालणं शिकली, जमिनीचा आवाज होऊ नये म्हणून. आदल्या दिवशी काट्यावर मात्र चप्पल काढून सरळ उभी राहिली होती, असं पाहणारे सांगतात.

"मंग ऑलिंपिकले गेली असंल थे," काकू म्हणाल्या. "एवढी सगळ्याईले हरवते तं."

इथं मी अडकले. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये बायकांच्या बॉक्सिंगचे सहा गट होते, सर्वांत वरचा 75 किलोचा. त्याच्या वर काहीच नाही. लॉस एंजेलिसला 2028 मध्ये सात गट आहेत, आणि वरचा पुन्हा 75 चाच. पुरुषांना वरचा मोकळा गट आहे, बायकांना नाही. मेरी कोमलाही असाच फटका बसला होता, पण उलट बाजूनं. 48 किलोत जग जिंकणारी बाई, आणि ऑलिंपिकला सुरुवातच 51 पासून. तिला वजन वाढवून लढावं लागलं, तरी 2012 ला लंडनहून कांस्य आणलं. वाढवणं एक वेळ जमतं. वरून खाली उतरायचं तर शरीर कुठं ठेवून यायचं?

हे सगळं मी सांगितलं. लपवून काय करू?

"म्हंजे," काकू सावकाश म्हणाल्या, "जागतिकले चालते, आशियाले चालते, अन् सगळ्यात मोठ्या मांडवात पुन्हा बारीकच पाहिजे."

सत्तावीस वर्षं शिकवलं, पण याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी सोल्याचं ताट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

पलीकडे फाटक वाजलं. पोट्टी दळण घेऊन आली होती. डोक्यावर डबा, एक हात कमरेवर. ओट्यावर तो डबा ठेवताना तिनं तो आपटला नाही, दोन्ही हातांनी अलगद उतरवला, वीस किलोचा तरी असेल, आणि उभी राहून दंडावरचं पीठ झटकत आमच्याकडे बघू लागली. तिच्या आजीनं कमरेचा पदर सोडला, त्यातून चार घड्यांचा कागद काढला आणि खाटेच्या पट्ट्यांतून माझ्याकडे सरकवला.

"हे भरून द्या बाई. माह्यं अक्षर किडे-मुंग्यांचं."

मी चष्मा आणला, पेन आणला. नाव, जन्मतारीख, शाळा, पालकाची सही. सहीची जागा रिकामी ठेवली, तिचा बाप सिमेंटच्या ट्रकवर होता, दोन दिवसांनी येणार होता. तो काय म्हणेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढचा रकाना वजनाचा. मी पेन थांबवून काकूंकडे पाहिलं. अठ्ठावन लिहू का, असं विचारावं की नाही, याचाच विचार करत होते.

"चौसष्ट," काकू म्हणाल्या.

मी 64 लिहिलं.

"साडेचौसष्ट लिहा वो. अर्धा काहून सोडता?"